रात्रभराचा सूर : झाडीपट्टीचे नाट्यसंगीत आणि व्हिडिओ गेमच्या संगीताशी त्याचे नाते

पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा जंगलाने वेढलेला धानाचा मुलूख झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो, आणि या मुलखात धान कापून झाल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांची जी परंपरा आहे तिला झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. या रंगभूमीची कथानके, तिचा प्रेक्षक आणि तिचे अर्थकारण यांविषयी बरेच बोलले जाते. त्या मानाने रंगमंचापुढे बसून पहाटेपर्यंत ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या तीन-चार माणसांच्या कामाकडे संगीताच्या इतिहासाचा भाग म्हणून कमी लक्ष गेले आहे. शहरी कान या वादनाला सिनेमासंगीताची स्वस्त नक्कल समजून मोकळा होतो. ही समजूत चुकीची आहे. झाडीपट्टीच्या वादकाचे काम ज्या अटींवर उभे आहे त्याच अटींवर जगात आणखी एक संगीतप्रकार घडला, आणि तो म्हणजे व्हिडिओ गेमचे संगीत. आज घरच्या खोलीत बसून, कोणत्याही कंपनीच्या आधाराशिवाय गाणी रचणारे तरुण संगीतकार त्याच संगीताला आपले गुरुस्थान मानतात.

या दोन्ही प्रकारांना जोडणारी गोष्ट अशी की दोन्हींत संगीताची लांबी आधी ठरलेली नसते. ध्वनिमुद्रित गाणे तीन-चार मिनिटांचे असते, चित्रपटाचे पार्श्वसंगीत दृश्याच्या लांबीवर मोजून बसवलेले असते. परंतु खेळणारा मुलगा एखादा टप्पा अर्ध्या मिनिटात पार करील की अर्धा तास त्यातच अडकून राहील, हे गेमच्या संगीतकाराला ठाऊक नसते. तसेच विनोदी नटाच्या एका वाक्यावर लोक किती वेळ हसतील, रडवेल्या प्रवेशात नायिका किती लांबवील, गाण्याला ‘वन्समोअर’ किती मिळतील, हे ऑर्गनवर बसलेल्या माणसाला ठाऊक नसते. अशा संगीताला या लेखात ‘मुदत नसलेले संगीत’ असे म्हटले आहे. ते कुठेही थांबवता आले पाहिजे, कुठूनही पुन्हा सुरू करता आले पाहिजे, आणि शंभरदा ऐकूनही कंटाळा येता कामा नये, एवढ्या तीन गरजांतून त्याची सगळी घडण होते.

झाडीपट्टीत असे संगीत नाटकाच्या आधीपासून होते. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेला इकडे मंडई म्हणतात, आणि मंडईत होणारी दंडार, म्हणजे पुरुषांनीच नाचून, गाऊन, मधूनमधून विनोदी संवाद घालून सादर करायचा खेळ, ही या मुलखाची जुनी मिरास आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या झाडीबोलीच्या अभ्यासकांनी दंडारीचा विचार झाडीपट्टीच्या नाटकाचे मूळ म्हणून केला आहे. तिच्या जोडीला खडी गंमत येते. हा पूर्व विदर्भातला तमाशाचा प्रकार असून त्यात ढोलकी, डफ आणि तुणतुणे यांच्या साथीवर शाहीर आणि स्त्रीवेशातला नाच्या रात्र जागवतात. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील जंगलात माडिया आणि गोंड समाजांच्या रेला नाचात तर लांबीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण हातात हात गुंफून फिरणारे रिंगण जोवर फिरते तोवर गाणे चालते, आणि पालुपद पुन्हा पुन्हा येते म्हणून ते शिळे होत नाही, उलट फिरणाऱ्या पावलांना ते आधार देते. आवर्तन हा या प्रदेशाच्या संगीताचा पाया आहे, आणि पुढे आलेल्या प्रत्येक वाद्याला या पायाशी जुळवून घ्यावे लागले.

नाटकाने आणलेले पहिले मोठे वाद्य ऑर्गन होय. मराठी नाटकाचा प्रारंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगापासून धरतात, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आल्यापासून संगीत नाटकाचे युग सुरू झाले असे मानतात. संगीत नाटकाच्या साथीला आरंभी असलेल्या वाद्यांत पुढे पायाने भाता चालवायच्या ऑर्गनची, म्हणजे पायपेटीची, भर पडली. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तिचा सूर तबला आणि सारंगी यांच्या बरोबरीने स्थिर झाला, आणि अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलानवाज त्या साथीत बसत असे. हाताच्या हार्मोनियममध्ये एक हात भात्यावर अडकतो, त्यामुळे स्वर वाजवायला एकच हात उरतो. पायपेटीत भाता पायाकडे जातो आणि दोन्ही हात मोकळे होतात. हा फरक केवळ सोयीचा नाही. दोन हात मोकळे झालेला वादक उजव्या हाताने गायकाची सुरावट आणि डाव्या हाताने खर्जाचा आधार एकाच वेळी देऊ शकतो, म्हणजे एका माणसात दोन साथीदार मावतात. पुढच्या शंभर वर्षांत या रंगभूमीवर जे घडले त्याचे बीज या मोकळ्या झालेल्या डाव्या हातात आहे.

१९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग आणले आणि काही वर्षांतच मोठ्या संगीत नाटक मंडळ्यांची घडी विस्कटली. पुण्या-मुंबईत संगीत नाटक हळूहळू आठवणींचा आणि महोत्सवांचा विषय बनले. झाडीपट्टीत मात्र नाटकाला गाणे हवे आणि गाण्याला ऑर्गन हवा ही अपेक्षा टिकून राहिली. याचे कारण या भागाच्या शेतीत आहे. धानाचे पीक एकदा निघाले की घरात धान्य असते, हाती थोडा पैसा असतो, रात्री थंड आणि कोरड्या असतात, आणि कापणी झालेली बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे सपाट शेत, हीच हजारो माणसांना बसायला पुरेशी जागा असते. मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, ठरल्या की गावातले मंडळ नाटक ठरवते, घरोघरी पाहुण्यांना बोलावणी जातात, सोयरिकी जमतात, आणि तिकिटाच्या उत्पन्नातून मंडळाचा खर्च निघतो. आरंभी गावातलेच हौशी लोक नाटक बसवीत आणि स्त्रीभूमिकांसाठी बाहेरून नट्या आणीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यावसायिक मंडळ्या वाढल्या आणि त्यांचे केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे तयार झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा त्या नव्या जिल्ह्याचे रेल्वे स्थानक म्हणून वडसा हेच नाव पुढे आले. नट, वादक, पडदे आणि ध्वनिवर्धक यांची ये-जा जिथून सोपी पडते तिथेच मंडळ्यांनी आपली कार्यालये थाटावीत, हे स्वाभाविक होते. हंगामात गावकरी वडशाला येऊन कंपनी, तारीख आणि बिदागी ठरवून जातात.

वादकाच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी या प्रयोगाची मांडणी लक्षात घ्यावी लागते. तात्पुरत्या उभारलेल्या रंगमंचावर चित्रित पडदे असतात आणि छतापासून माईक लोंबत असतात, त्यामुळे नटाला महत्त्वाचे वाक्य बोलायला माईकखाली यावे लागते. वादक रंगमंचाच्या पुढ्यात, अनेक ठिकाणी खोदून घेतलेल्या उथळ खळग्यात बसतात, म्हणजे त्यांच्या डोक्यावरून प्रेक्षकांना नाटक दिसते आणि त्यांना मात्र नटाचे पाय, हात आणि चेहरा अगदी जवळून दिसतो. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. कंपन्या हंगामभर रोज गाव बदलतात, आणि सलग तालमींना वेळ मिळतोच असे नाही. अशा स्थितीत लिहिलेले संगीत जसेच्या तसे वाजवणे अशक्य असते. वादकाकडे असतो तो तुकड्यांचा साठा : खलनायकाच्या प्रवेशाचा एक खर्जातला तुकडा, ताटातुटीचा एक विलंबित तुकडा, विनोदी पात्राच्या चालीचा एक उड्या मारणारा तुकडा, रहस्य उघड होताना वाजायचा एक आघात. प्रत्येक तुकडा दोन-चार मात्रांचा किंवा एका आवर्तनाचा असतो, आणि तो असा बांधलेला असतो की त्याचा शेवट त्याच्याच आरंभाला जाऊन मिळतो. नट रेंगाळला तर तुकडा पुन्हा फिरतो. नटाने अचानक वळण घेतले तर तबल्यावरची छोटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तोडा, जुन्या तुकड्याला बंद करून नव्याची वाट मोकळी करते.

विनोदी प्रवेशात या कौशल्याची खरी कसोटी लागते. झाडीपट्टीतले विनोदी नट प्रेक्षकांशी सरळ बोलतात, गावातल्या ताज्या घटना संवादात घालतात, आणि त्यामुळे लिहिलेला प्रवेश रोज वेगळ्या लांबीचा होतो. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांच्या विनोदी भूमिकांनी या रंगभूमीच्या कित्येक पिढ्या हसवल्या आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सबंध झाडीपट्टीचा सन्मान झाल्याची भावना लोकांत उमटली. त्यांच्यासारख्या नटाच्या हशाची लाट केव्हा ओसरते ते ओळखून, पुढचे वाक्य ऐकू येईल इतक्या बेताने ठेका खाली आणणे, हे वादकाचे काम आहे. हे काम कोणत्याही संगीत विद्यालयाच्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. ते खळग्यात बसूनच शिकावे लागते.

या खळग्यात विजेवर चालणारा सूर आला तो १९८० नंतर. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ हा आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला, आणि पुढच्या काही वर्षांत तिचे लहान, हलके, कोरड्या बॅटरीवरही चालणारे कीबोर्ड इतके पसरले की महाराष्ट्रात लग्नाच्या बँडपासून भजनी मंडळापर्यंत अशा प्रत्येक वाद्याला लोक ‘कॅसिओ’च म्हणू लागले, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. १९८५ साली रोलँड कंपनीचा ‘ऑक्टापॅड’ आला. ही आठ रबरी चौकोनांची पाटी असून प्रत्येक चौकोनावर काठी मारली की त्याला नेमून दिलेला तालवाद्याचा आवाज निघतो. मराठी ऑर्केस्ट्रात तिचे ‘ऑक्टोपॅड’ झाले आणि त्याच नावाने ती झाडीपट्टीच्या जाहिरातपत्रकांवर जाऊन बसली. कीबोर्ड आला तरी पत्रकावरचा मानाचा शब्द ‘ऑर्गन’ हाच राहिला. वाद्य बदलले आणि नाव टिकले, ही गोष्ट लहान वाटली तरी तिच्यात वादकांचा स्वतःविषयीचा समज दिसतो : आपण यंत्र चालवणारे नसून ऑर्गनवादकांच्या वंशातले आहोत, असे ते नाव सांगते.

हा बदल लादला गेला नाही, तो गरजेतून आला. लाकडी ऑर्गन अवजड असतो, गाडीत हादरे बसून त्याच्या पट्ट्या बिघडतात, चामड्याचा भाता फाटतो आणि तो दुरुस्त करणारा कारागीर जवळ मिळत नाही. रोज नव्या गावी जाणाऱ्या कंपनीला बगलेत मारून नेता येणारे वाद्य परवडते. दुसरे कारण गायकाची पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज मानून तो गातो तो स्वर. रोज वेगवेगळ्या गायक-नटांना साथ करताना ऑर्गनवर बोटांची रचनाच बदलावी लागते, कीबोर्डवर एक कळ दाबून पट्टी वर-खाली करता येते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे होते. ध्वनिवर्धकांवर सिनेमाची गाणी ऐकलेला प्रेक्षक आता व्हायोलिनांचा ताफा, बासरी, गिटार आणि ड्रमची अपेक्षा करू लागला होता, आणि तेवढी माणसे बाळगणे कोणत्याही कंपनीला शक्य नव्हते. एका कीबोर्डातल्या शंभर टोननी, म्हणजे वाद्यांच्या तयार ध्वनिछटांनी, ही अडचण सोडवली. वादकाच्या डाव्या हाताने खर्ज आणि स्वरसंगती धरली, उजव्याने सुरावट, आणि मधल्या क्षणांत तोच हात टोन बदलण्याच्या कळींकडे धावू लागला.

नेमक्या याच वर्षांत, हे कीबोर्ड बनवणाऱ्या जपानमध्येच, व्हिडिओ गेमचे संगीत घडत होते, आणि ते घडवणारे तंत्र बऱ्याच अंशी तेच होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधलेली फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनची पद्धत, म्हणजे एका ध्वनिलहरीने दुसरीची कंपनसंख्या सतत हलवून गुंतागुंतीचा नवा आवाज तयार करण्याची युक्ती, यामाहा कंपनीने परवान्याने घेतली आणि १९८३ साली ‘डीएक्स ७’ या प्रसिद्ध कीबोर्डात वापरली. तीच पद्धत छोट्या चिपवर बसवून यामाहाने ती गेमच्या यंत्रांना पुरवली. १९८८ साली आलेल्या सेगा मेगा ड्राइव्ह या कन्सोलमध्ये, म्हणजे दूरचित्रवाणीला जोडायच्या गेमयंत्रात, अशा सहा आवाजांची यामाहाची चिप होती. वायएम २४१३ नावाची यामाहाची एक चिप तर एकाच काळात कंपनीच्या घरगुती छोट्या कीबोर्डांतही होती आणि सेगाच्या गेमयंत्रासाठी निघालेल्या ध्वनिजोडणीतही होती. हौशी वादकाच्या बोटांखालचा टोन आणि खेळणाऱ्या मुलाच्या कानावर पडणारा टोन एका साच्यातून निघाला होता, हे त्यामुळे अलंकारिक विधान ठरत नाही.

तंत्रापेक्षाही महत्त्वाचे साम्य रचनेत आहे. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेममध्ये खर्जातले चारच स्वर पुन्हा पुन्हा वाजत आणि शत्रू जसजसा जवळ येई तसतशी त्यांची लय चढत जाई. खेळाच्या स्थितीनुसार बदलणारे संगीत म्हणून त्याचा उल्लेख नेहमी केला जातो. द्रुत लय चढवत नेऊन प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेला आणणारा मारामारीच्या प्रवेशाचा ठेका ज्याने बांधीत बसून ऐकला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. १९८३ सालच्या निन्टेंडो फॅमिकॉम या यंत्रात एका वेळी फक्त पाच आवाज निघत, त्यांतला एक निव्वळ खरखरीचा होता आणि बहुधा त्यावरच ताल भागवला जाई. कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या गेमसाठी केलेली चाल एवढ्याच सामग्रीत बसवलेली आहे. तिचा शेवट आरंभाला जुळतो, म्हणून ती कितीही वेळ फिरू शकते. १९९१ साली लुकासआर्ट्स या अमेरिकी कंपनीने ‘मंकी आयलंड २’ या गेममध्ये अशी योजना केली की खेळणारा एका जागेहून दुसरीकडे गेला तर चालू संगीत मध्येच न तुटता योग्य मात्रेवर नव्या संगीतात मिसळावे. त्या कंपनीला यासाठी मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांच्याकडून संगणकाची एक स्वतंत्र प्रणाली लिहून घ्यावी लागली. झाडीपट्टीतला तबलजी हे काम नटाच्या पायांकडे पाहून करतो.

गेमच्या या संगीताने स्वतंत्र संगीतकारांवर कसा परिणाम केला याची वाटचाल जगभर स्पष्ट दिसते. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९७८ सालच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत गेमयंत्रांचे आवाज वापरले आणि त्याच संघातल्या हारुओमी होसोनो यांनी १९८४ साली नामको कंपनीच्या गेममधील संगीताची स्वतंत्र तबकडी काढली. पुढे निन्टेंडोचे हातात मावणारे गेम बॉय हे यंत्रच वाद्य म्हणून वापरता यावे यासाठी हौशी तंत्रज्ञांनी साधने तयार केली, आणि ज्यांना स्टुडिओ परवडत नव्हता अशा मुलांनी त्यांवर गाणी रचली. या तरुणांनी गेमकडून चाली तर घेतल्याच, पण त्याहून महत्त्वाची अशी एक कामाची पद्धत घेतली : आवाज थोडे ठेवावेत, प्रत्येक आवाजाला ठरलेले काम द्यावे, लहान तुकडा इतका नेटका बांधावा की तो फिरवत ठेवता येईल. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कोंडो यांची मारिओची चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत नोंदवली आणि त्याच वर्षी ग्रॅमी पुरस्कारांत गेमच्या संगीताला स्वतंत्र वर्ग मिळाला, तेव्हा या पद्धतीला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत जागा मिळाली.

कॅसिओच्या इतिहासातले जमैका बेटाचे उदाहरण झाडीपट्टीला याहूनही जवळचे आहे. हिरोको ओकुडा या तरुण संगीतज्ञ स्त्रीने १९८१ सालच्या ‘एमटी ४०’ या छोट्या कीबोर्डासाठी काही तयार ठेके बसवले होते. त्यांतला एक ठेका १९८५ साली किंग्स्टनमध्ये किंग जॅमी या निर्मात्याने वेन स्मिथ या गायकाच्या गाण्याखाली घातला, आणि त्यातून ‘स्लेंग टेंग’ या नावाने ओळखला जाणारा, पुढे शेकडो गाण्यांना पुरलेला ताल जन्मला. स्वस्त वाद्यातल्या तयार ठेक्यावर एका गरीब शहराने आपले संगीत उभे केले. या घटनेवर आज ग्रंथ लिहिले जातात, जमैकाच्या संगीताचे एक पर्व तिथून मोजले जाते. तसेच वाद्य, तशीच टंचाई आणि तशीच कल्पकता ज्या झाडीपट्टीत होती तिच्या कीबोर्डवादनाला ‘नक्कल’ हा एकच शब्द पुरेसा समजला जावा, हा न्याय नव्हे.

झाडीपट्टीच्या वादकांनी गेमच्या संगीतावरून काही उचलले, असा दावा येथे नाही. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या स्वस्त नकला भारतातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही पोचल्या आणि ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ यांचे सूर एका पिढीच्या कानात कायमचे बसले, हे खरे. परंतु खळग्यातली पद्धत त्याआधीच तयार होती. प्रभाव म्हणजे चालींची उसनवारी एवढाच अर्थ धरला तर येथे सांगण्यासारखे काही उरत नाही. प्रभावाचा अर्थ ‘साधनाने आणि गरजेने लावलेली कामाची सवय’ असा घेतला, तर टोकियोचा चिपवर लिहिणारा संगीतकार आणि वडशाचा ऑर्गनवादक एकाच इतिहासाची दोन पाने ठरतात, आणि आजच्या मराठी तरुणाला आवर्तनाचे धडे घेण्यासाठी केवळ परदेशी गेमकडे पाहण्याची गरज उरत नाही.

या बदलात काही गमावले आहे, तेही नोंदले पाहिजे. ऑक्टोपॅडवर प्रत्येक आघात एकाच जोराचा आणि एकाच छटेचा येण्याकडे कल असतो. ढोलकीच्या शाईवर बोटाने दाबून काढलेली घुमारी किंवा डफाच्या कडेवरची टिचकी त्यात येत नाही.  ऑर्गन आणि तबल्यावर गायलेली नांदी आणि कीबोर्डाच्या व्हायोलिन टोनवर गायलेली नांदी यांत श्रेष्ठ कोणती, याचे उत्तर जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे आणि ते चूक नाही. अलीकडच्या काळात ‘डान्स हंगामा’ या नावाखाली नुसत्या ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच दाखवणारे कार्यक्रम वाढले, आणि त्यांनी नाटकाच्या वाद्यवृंदाला खरा धोका निर्माण केला. तिथे वादक लागतच नाही. कीबोर्डाने तीन माणसांचे काम एकाकडे दिले होते. ध्वनिमुद्रित गाण्याने त्या एकालाही घरी पाठवले.

या रंगभूमीचे अर्थकारण किती नाजूक दोऱ्यांवर टांगलेले आहे ते गेल्या काही वर्षांत दोनदा दिसले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या तेव्हा शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचा आधार गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतींवरची बंदी आणि ही परवानगी यांच्या मधल्या काळात करोनाच्या टाळेबंदीने हंगाम मोडला. ज्यांचे वर्षाचे उत्पन्न दिवाळी ते होळी एवढ्याच काळात मिळवायचे असते त्या नटांना आणि वादकांना पुन्हा शेतमजुरीकडे वळावे लागले. २०२२ साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला आणि या रंगभूमीचे आतले जग पडद्यावर आले. सिंदेवाही तालुक्यातील नवरगावचे लेखक-दिग्दर्शक आणि चित्रकार सदानंद बोरकर यांच्यासारख्या मंडळींनी सामाजिक विषयांची नाटके करून तिची प्रतिष्ठा वाढवली. आता संपूर्ण नाटके भ्रमणध्वनीवर पाहायला मिळतात, आणि त्या चित्रणांत वादकांचा सूर रंगमंचावर टांगलेल्या माईकमधून, नटांच्या आवाजाच्या मागून, अस्पष्ट असा येतो.

त्या अस्पष्टतेवर उपाय करण्याची वेळ अजून गेलेली नाही. पायपेटीवर शिकून कीबोर्डावर आलेले वादक आज वृद्ध झाले आहेत, त्यांच्या तुकड्यांचा साठा त्यांच्या बोटांत आणि थोडाफार त्यांच्या वह्यांत आहे, आणि जुन्या कीबोर्डांच्या स्मृतीत साठवलेले टोन वाद्य भंगारात गेले की कायमचे पुसले जातात. २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने, झाडीबोलीच्या साहित्यमंडळांनी आणि वडशाच्या नाट्यमंडळ्यांनी मिळून हे काम हाती घ्यावे : प्रयोगाचे चित्रण करताना एक माईक केवळ खळग्यातल्या वादकांसाठी लावावा, प्रत्येक ज्येष्ठ ऑर्गनवादकाकडून प्रवेशांचे तुकडे वेगळे वाजवून घेऊन नोंदवावेत, कोणता तुकडा कोणत्या प्रसंगाला आणि का, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि हा सगळा संग्रह घरी गाणी रचणाऱ्या विदर्भातल्या तरुणांसाठी खुला ठेवावा. धानाची कापणी आटोपली की दिवाळीनंतर कंपन्या पुन्हा वडशाहून बाहेर पडतील. ध्वनिमुद्रणाची तयारी त्याआधी झालेली असावी.